अडतिसावा फोटो

मित्रांनो, मी लॅमिनेशनचं एक जुनं मशीन आहे. माझं काम साधं. कागद प्लास्टिकच्या पाऊचमध्ये घालून माझ्या तोंडाशी धरायचा. मी तो तापलेल्या रोलरांमधून चेपत नेतो आणि मागच्या अंगानं ताठ, चकचकीत करून बाहेर सोडतो. माझ्यातून गेलेला कागद भिजत नाही, चुरगळत नाही, झुरळंसुद्धा त्याच्या वाटेला जात नाहीत. पण तो पुन्हा सुटाही होत नाही. जसा आत गेला तसा कायमचा. आमच्या कामाचं कौतुक म्हणा, खोड म्हणा, ती हीच.

सध्या माझा मुक्काम दुकानाच्या माळ्यावर आहे. वायर माझ्याच गळ्याभोवती गुंडाळलेली, अंगावर बोटभर धूळ, शेजारी एक मोडका टेबलफॅन. अशा वेळी आमच्यासारख्यांनी उपेक्षेचं रडगाणं गायचं असतं, हे मला माहीत आहे. ते मी गाणार नाही. मी निकामी झालेलो नाही. वायर लावा, चार मिनिटांत तापून दाखवतो. मला इथे का टाकलं, ते सांगण्यासाठी मी तोंड उघडलं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या शेवटच्या टेबलावर एक बाई बसायच्या. त्या प्रत्येक नव्या मशीनमधून एक कोरा कागद काढायच्या, उजेडात धरायच्या, आणि एकही बुडबुडा दिसला नाही तर मशीनच्या पाठीवर शिक्का मारायच्या. माझ्या पाठीवर तो पहिल्याच फटक्यात बसला. ही माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी. मी इतका फुगलो होतो, की खोक्यात मावलो कसा देव जाणे.

तिथून मी आलो तो थेट या दुकानात. मोठ्या इस्पितळाच्या मागच्या फाटकासमोर, दहा बाय बाराची जागा. एका भिंतीला झेरॉक्सचं धूड, सदा कुरकुरणारं, कोपऱ्यात कॉम्प्युटर, आणि काचेच्या काउंटरवर, रस्त्याकडे तोंड करून, मी. शेजारी चष्म्याचं दुकान. त्याचे मालक दिवसातून निम्मा वेळ आमच्याच स्टुलावर पेपर वाचत बसायचे, म्हणून त्यांनाही आमच्यातलेच समजा.

आमच्या मालकांना सगळे 'मास्तर' म्हणत. ते आयुष्यात कुठल्या शाळेत शिकवायला गेले नव्हते. पण हातात आलेला कागद वाचल्याशिवाय ते पुढे सरकवत नसत. अर्ज असो, नोटीस असो, कुणाचा राजीनामा असो, कपाळावरचा चष्मा नाकावर यायचा, वरपासून खालपर्यंत वाचून व्हायचं, मग म्हणायचे, "तारीख मागच्या वर्षीची टाकलीय," किंवा "इथे सही राहिलीय तुमची." लोक वैतागायचे. "अहो मास्तर, नुसती कॉपी काढा ना, परीक्षा कसली घेताय?" पण या खोडीमुळे कितीतरी जणांचे हेलपाटे वाचले होते. न वाचलेला कागद मास्तरांच्या हातून जात नाही, हे अख्ख्या रस्त्याला ठाऊक होतं.

मला मात्र मास्तरांपेक्षा त्यांची मुलगी आवडायची. एकुलती एक. कॉलेज संपल्यावर ती काउंटरवर उभी राहायला लागली आणि मला तापायला चार मिनिटं लागतात म्हणून तिनं माझं नाव 'आजोबा' ठेवलं. "थांबा हो काकू, आजोबांना जाग यायचीय अजून." तेव्हापासून मी स्वतःला आजोबाच समजतो. नर्सबाईंची ओळखपत्रं, शाळेचे दाखले, लिफ्टमधल्या सूचना, एका नातवानं आजीसाठी मोठ्या अक्षरात लिहिलेलं गोळ्यांचं वेळापत्रक, असं कायकाय तिनं माझ्या तोंडात भरवलं. कामाच्या शेवटी ती मऊ कापडानं माझे रोलर पुसायची. माझा तिच्यावर जीव होता.

एकदा एका बसड्रायव्हरनं आपल्या पहिल्या फेरीचं तिकीट जपून ठेवायला आणलं. मास्तरांनी ते वाचलं, कौतुक केलं आणि मला दिलं. बाहेर आलं ते काळंकुट्ट. त्या गुळगुळीत कागदावरची छपाई उष्णतेनं होते, हे तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं; आणखी उष्णता लागली की सगळा कागदच काळा पडतो. ड्रायव्हरनं आमचा उद्धार केला. मास्तर अर्धा तास हात जोडून उभे होते. त्या दिवशी मुलीनं माझ्या झाकणावर ठळक अक्षरांत एक पट्टी चिकटवली: 'पावती, टोकन, तिकीट आत घालू नये. काळं पडतं. आजोबांना राग येतो.' मास्तरांनी तर धसकाच घेतला. पुढच्या इतक्या वर्षांत तसला एकही कागद त्यांनी माझ्या जवळपास फिरकू दिला नाही.

आणि मग तो मंगळवार आला.

आमचं पाऊचचं पार्सल बसस्थानकावर यायचं. ते आणायला नेहमी मास्तर जात. नंतर ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "माझा गुडघा दुखत होता. तीच म्हणाली, बाबा तुम्ही बसा, मी आणते." मी काउंटरवर होतो, मित्रांनो. मी ऐकलं ते वेगळं होतं. मास्तर म्हणाले होते, "आज तू जा गं. दर वेळी मीच का मरायचं?" आणि ती हसत निघून गेली होती.

नऊ चाळीसला काउंटरची काच थरथरली आणि माझं झाकण आपोआप वाजलं. मास्तर मान वर करून म्हणाले, "सिलिंडर फुटला वाटतं कुठेतरी." थोड्याच वेळात समोरच्या फाटकातून एकामागून एक गाड्या आत शिरू लागल्या. कुणीतरी पळत जाताना ओरडलं, बसस्थानकात बॉम्ब फुटला म्हणून. मास्तर दुकान उघडं टाकून धावले. दुखऱ्या गुडघ्यानिशी धावले. चार दिवस ते आले नाहीत. पार्सल खिडकीसमोरच्या रांगेत ती तिसरी होती.

पुढचे काही दिवस हे शहर किती चांगलं वागलं, ते मी तुम्हाला सांगितलंच पाहिजे, नाहीतर नंतरचं तुम्हाला खरं वाटणार नाही. रक्त द्यायला समोरच्या फाटकापासून कोपऱ्यापर्यंत रांग लागली होती. रिक्षावाले जखमींच्या नातेवाइकांना फुकट नेत-आणत होते. चष्मेवाल्यांनी आपलं दुकान झोपायला मोकळं करून दिलं आणि स्वतः बाहेर पायरीवर बसले. वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं गळ्यात पडून रडली. रोज सकाळी नऊ चाळीसला अख्खा रस्ता दोन मिनिटं जागच्या जागी थांबायचा, बसमधले ड्रायव्हरसुद्धा इंजिन बंद करून खाली उतरायचे. दुकानादुकानाच्या काचेवर एकच पोस्टर होतं: 'आपण सारे एक'. ते आमच्याच झेरॉक्सवर छापलं होतं.

पाचव्या दिवशी पोलिसांनी मास्तरांना त्यांचं पार्सल आणून दिलं. ते खिडकीमागच्या लोखंडी कपाटात राहिलं होतं. खोक्याचा कोपराही चेपला नव्हता. मास्तर बराच वेळ त्याच्यावर हात ठेवून बसले. मग बसस्थानकाच्या कुंपणावर गेलेल्या सगळ्यांचे फोटो ओळीनं लावायचे ठरलं, आणि मास्तर म्हणाले, लॅमिनेशन मी करतो, एक पैसा घेणार नाही. दुसरे पाऊच दुकानात नव्हतेच. त्याच पार्सलातले सदतीस पाऊच माझ्यातून गेले. बारावा फोटो तिचा होता. मास्तरांनी तो इतका सरळ धरला होता, की मला वाटलं त्यांचे हात लाकडाचे आहेत.

गेलेले अडतीस होते, फोटो सदतीस. अडतिसावा माणूस एक कूलर दुरुस्त करणारा होता. स्फोटाआधी थोडा वेळ तो काळी पिशवी घेऊन आत शिरताना कॅमेऱ्यात दिसला होता. ते अंधूक चित्र सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर आलं आणि खाली प्रश्नचिन्ह टाकून एक शब्द छापला गेला: संशयित. नवरा-बायको दोनच वर्षांपूर्वी शहरात आलेले, फारसे कुणाच्या ओळखीचे नव्हते. दुसऱ्या दिवशी प्रश्नचिन्ह गळून पडलं. शहराला रडायला सदतीस जण मिळाले होते; दात-ओठ खायला एक हवा होता, तोही मिळाला.

त्याच्या बायकोनं एकदा कुंपणावर सदतीस जणांच्या शेजारी त्याचा साधा फोटो सुतळीनं बांधला. हे मला चष्मेवाल्यांच्या तोंडून कळलं. नऊ चाळीसची शांतता चालू होती. कुणी ब्र काढला नाही. शांतता न मोडता एकानं सुतळी सोडली, दुसऱ्यानं फोटो फाडला, तिसऱ्यानं तुकडे बाईच्या हातात दिले. "एक आवाज नाही हो," चष्मेवाले सांगत होते, "लोकांचा संयम बघा." मास्तरांनी मान हलवली.

स्फोटानंतरच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी ती बाई आमच्या दुकानात आली. मास्तरांनी तिला पाहिलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी ओळखलं नाही. तिनं पदरात बांधलेला रुमाल सोडला, त्यातून बोटभर रुंद, गुळगुळीत कागदाची चिठ्ठी काढली आणि काचेवर ठेवली.

"झेरॉक्स काढायचीय. चार काढा. नाही, दहा काढा."

मास्तरांचा चष्मा नाकावर आला. चिठ्ठीवर पाच ओळी छापल्या होत्या. पहिलीत एका माणसाचं नाव. मग, पिण्याच्या पाण्याचा कूलर. मग, दुरुस्ती. मग, मंगळवार सकाळी साडेनऊ. पाचवी ओळ त्यांच्या अंगठ्याखाली होती, ती मला दिसली नाही. मास्तरांनी चिठ्ठी वाचली, अंगठा सरकवून शेवटची ओळ पुन्हा वाचली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"हे तुमचे कोण?"

"नवरा," ती म्हणाली, आणि मग तिला थांबताच येईना. चिठ्ठी आदल्या दिवशीच्या शर्टाच्या खिशात राहिली होती. धुवायला काढताना तिला सापडली. बसस्थानकातल्या ज्या ऑफिसातून ती दिली होती ते जळून गेलं, ती देणारा कारकूनही गेला. तिचा फोन पोलिसांनी ठेवून घेतला होता. दोन झेरॉक्सवाल्यांनी तिला ओळखून पायरीवरूनच हाकललं होतं. "तो कामावर गेला होता याचा पुरावा सोमवारी अकरापर्यंत दाखवला तर पोलीस त्याला माझ्या ताब्यात देतील. नाहीतर म्हणाले, आम्हीच विल्हेवाट लावू, आणि कुठे ते सांगणार नाही." तिनं समोरच्या फाटकाकडे बोट केलं. "तिथेच आहे तो. मला फक्त त्याच्यावर पांघरूण घालायचंय, मास्तर. एकदा माझ्या हातानं."

मग तिचं लक्ष भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे गेलं. "तुमची मुलगी?" मास्तरांनी मान डोलावली. "माझाही त्यातच गेला," ती म्हणाली. "तुम्हाला तरी कळेल."

ती हे म्हणाली नसती तर कदाचित सगळं वेगळं झालं असतं. मास्तरांच्या कानशिलावरची शीर उडताना मी पाहिली. आपली पोर आणि तो पिशवीवाला या बाईनं एका ओळीत बसवले, हे त्यांना सहन झालं नाही. पण आवाज त्यांनी जराही चढवला नाही. उलट तिला स्टूल दिलं, पाण्याचा पेला दिला.

"झेरॉक्सची शाई संपलीय," ते म्हणाले. "मंगळवारी येईल."

शाई संपली नव्हती, मित्रांनो. सकाळीच त्यांनी शंभर पोस्टरं काढली होती.

"मग कसं करायचं?"

"तुम्ही असं करा, मी ही लॅमिनेट करून देतो. असल्या चिठ्ठ्या हाताच्या घामानंसुद्धा पुसल्या जातात. एकदा पक्की झाली की काळजीच नको."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बारा दिवसांत तिच्याशी कुणी इतकं सरळ बोललं नसावं. मास्तरांनी माझं बटण दाबलं, पाऊच उघडून चिठ्ठी मधोमध ठेवली, आणि डावा हात माझ्या झाकणावर ठेवला. नेमका पट्टीवर. मुलीचं सगळं अक्षर त्यांच्या तळव्याखाली झाकलं गेलं.

आता माझ्याबद्दल सांगतो, कारण ही माझी गोष्ट आहे. मी याआधी कितीतरी वेळा अडकलो होतो. पाऊच तिरका गेला की अडकायचो, हवा दमट असली की अडकायचो, काही कारण नसतानाही अडकायचो. त्या दिवशी अडकलो असतो तर मास्तरांना झाकण उघडावं लागलं असतं, हात उचलावा लागला असता, बाईला पट्टी दिसली असती. पण मलाही माझी पोर परत हवी होती, आणि ती मिळणार नव्हती, म्हणून मलाही कुणीतरी हवं होतं. मी चार मिनिटांत तापलो. माझा हिरवा दिवा लागला. चिठ्ठी माझ्यातून लोण्यासारखी गेली.

बाहेर आली ती काळी.

ती बाई चिठ्ठी उलटी करून पाहू लागली. मग सुलटी केली. मग खिडकीच्या उजेडात धरली. "अक्षरं कुठे गेली?"

"अरेरे," मास्तर म्हणाले. "कागदच खराब होता हो."

"पण आत्ता होती."

"असतात काही काही कागद तसे."

तिनं नखानं कड उचकटून पाहिली. मी ज्या कडा चिकटवतो त्या नखानं सुटत नाहीत. बऱ्याच वेळानं ती उठली, आणि तशा अवस्थेतही तिनं विचारलं, "किती झाले?"

"राहू द्या," मास्तर म्हणाले. "या दिवसांत सगळ्यांना फुकटच आहे."

ती गेल्यावर मास्तरांनी घरून आणलेला डबा उघडला. त्या मंगळवारपासून त्यांना घास जात नव्हता. त्या दुपारी त्यांनी डबा पुसून संपवला.

सोमवारी सव्वादहाला ती पुन्हा आली, जवळजवळ पळतच. चष्मेवाले स्टुलावर पेपर घेऊन बसले होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"मास्तर, इस्पितळात बसलेले पोलीससाहेब माणुसकीचे आहेत. म्हणाले, चिठ्ठी काळी पडली तर पडली, पण पडण्याआधी कुणा भल्या माणसानं वाचली असेल आणि त्यानं तसं लिहून दिलं तरी चालेल. मी तुमचं नाव सांगितलं. ते म्हणाले, ज्याची मुलगी गेली तो माणूस लिहून देत असेल तर मला दुसरं काही नको." तिला दम लागला होता. "चार ओळी लिहा फक्त. समोरच आहेत साहेब. रस्ता ओलांडला की झालं."

मास्तर काउंटरवरचे फॉर्म सरळ करत होते. "मी वाचली नाही," ते म्हणाले.

"तुम्ही वाचलीत. मी इथेच बसले होते."

"नाव दिसलं असेल तेवढंच. मी लोकांचे कागद वाचत नाही, बाई."

चष्मेवाल्यांचा पेपर खाली आला. त्यांच्या स्वतःच्या कर्जाचा अर्ज मास्तरांनी तीनदा दुरुस्त केला होता. मुलाच्या लग्नाच्या पत्रिकेतली चूकही मास्तरांनीच पकडली होती. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं, आणि पेपर पुन्हा वर घेतला.

"सगळे म्हणतात, मास्तर वाचल्याशिवाय..."

"सगळे काहीही म्हणतात."

ती पंचेचाळीस मिनिटं तिथे उभी राहिली. भांडली नाही, रडली नाही. दर थोड्या वेळानं एवढंच म्हणे, "आठवून बघा ना." अकरा वाजले तेव्हा ती रस्ता ओलांडून फाटकाशी जाऊन थांबली. दुपारी फाटक उघडलं आणि एक बंद गाडी बाहेर आली. ती गाडीच्या मागच्या दाराला हात लावून कोपऱ्यापर्यंत धावली. मग गाडीनं वेग घेतला.

"बरं केलंत," चष्मेवाले पेपरामागून म्हणाले.

त्या आठवड्यात कुणीतरी तिच्या घराच्या दारावर डांबर ओतलं आणि ती शहर सोडून गेली. मास्तरांना शोकसमितीचा अध्यक्ष केलं गेलं. शहरातला एकोपा त्यांच्यामुळे टिकला, असं एका सभेत कुणी म्हणालं, आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. ते भाषण छापायला आमच्याच दुकानात आलं होतं. मास्तरांनी ते नेहमीप्रमाणे वाचलं आणि त्यातली एक तारीख दुरुस्त केली.

अकरा महिन्यांनी खरे गुन्हेगार पकडले गेले. त्यांनी सगळं कबूल केलं. त्यात कूलरवाला कुठेच नव्हता. ढिगारा पुन्हा उपसला तेव्हा त्याची पिशवी निघाली, आत पाना, पाइप आणि एक नवा नळ. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. त्याला कुठे पुरलं याची चौकशी झाली, पण जागेची नोंद ठेवायची नाही असा हुकूम होता, आणि तो हुकूम तेवढा अगदी काटेकोर पाळला गेला होता. "आपल्याला काय माहीत होतं?" चष्मेवाले म्हणाले. त्या दिवशी सगळा रस्ता हेच म्हणत होता.

शहर पुन्हा चांगलं वागायला लागलं. समितीनं ठरवलं, वर्षश्राद्धाला अडतिसावा फोटो मानानं लावायचा. बाईला पत्र गेलं, की फोटो आणि खाली छापायला दोन ओळी घेऊन या. पत्रावर अध्यक्ष म्हणून मास्तरांची सही होती.

ती एका सकाळी आली. केस पांढरे झाले होते. तिनं लग्नाच्या फोटोतून कापलेला नवऱ्याचा फोटो काचेवर ठेवला. त्याच्या खांद्यावर तिची बोटं तशीच राहिली होती. शेजारी दोन ओळींचा कागद ठेवला. दुकानात आम्ही तिघंच होतो.

"तुमच्यावर माझा राग नाही," ती म्हणाली. "तुम्ही चिठ्ठी पूर्ण वाचली असती तर तुम्ही नक्की आला असता साहेबांकडे. मी गावाकडेही सगळ्यांना हेच सांगते. त्या शहरात एकच माणूस होता, ज्यानं मला बसायला दिलं."

मास्तरांना मान वर करता येईना. करायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी तिचा कागद ओढला. चष्मा नाकावर आला. तिनं लिहिलं होतं: 'हे बसस्थानकात मोठ्या फाटकाजवळचा कूलर दुरुस्त करायला गेले होते. लोकांना गार पाणी मिळावं म्हणून.' मी माझ्या जागेवरून पाहत होतो, मित्रांनो. मास्तरांच्या हातात पेन आलं. ते त्यांनी घेतलं असं मला वाटत नाही. इतक्या वर्षांच्या सवयीनं ते आपणहून आलं. त्यांनी 'मोठ्या फाटकाजवळचा' यावर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'पार्सल खिडकीसमोरचा'.

तिनं तो कागद आपल्याकडे फिरवला. वाचला.

"तिथे चार कूलर होते," ती म्हणाली. "कुठला ते मला आठवत नव्हतं. चौकशीतही कुणाला सांगता आलं नाही. ते फक्त चिठ्ठीवर होतं."

मास्तर पेनाचं टोपण शोधत होते. टोपण पेनाच्याच मागे लावलेलं होतं.

"तुम्ही सगळी वाचली होती."

तिनं फोटो उचलला, त्याची धूळ पदरानं पुसली आणि तो पिशवीत ठेवला. माझा हिरवा दिवा लागलेला होता, मी तापून तयार होतो, पण माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. दोन ओळींचा कागद मात्र ती काचेवरच ठेवून गेली, मास्तरांच्या अक्षरासकट. मास्तर तिच्यामागे दारापर्यंत गेले. तिथून पुढे ते गेले नाहीत.

वर्षश्राद्धाला कुंपणावर सदतीसच फोटो होते. अडतिसाव्यासाठी ठोकलेले खिळे रिकामे राहिले, आणि मास्तरांनी भाषणात सांगितलं की बाईंशी संपर्क होऊ शकला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी वायर काढली आणि मला इथे आणून ठेवलं. खाली आता नवं मशीन आहे. ते दोन मिनिटांत तापतं.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रं गोष्टीच्या शेवटी तुम्हाला विनवतात, की आम्हाला पुसा, तेल घाला, टाकून देऊ नका. माझी तशी काही विनवणी नाही. मी इथे बरा आहे. पण तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही शहरावर कधी असा दिवस येऊ शकतो. तेव्हा तुम्ही रक्त द्याल, रांगेत उभे राहाल, एकमेकांना धरून रडाल. ते सगळं कराच. फक्त त्या गर्दीतून कुणी एकटं माणूस तुमच्याकडे आलं आणि त्यानं त्याच्याजवळ असलेली एकमेव गोष्ट तुमच्या हातात दिली, तर ती जशी दिली तशी त्याला परत करा. आणि ती पाहिली असेल, तर पाहिली म्हणा. समोरच जायचं असतं, रस्ता ओलांडला की झालं.